पाच वॅट आणि वीस किलोवॅट

गच्चीवर तार चढली तेव्हापासून गल्लीत मला एकच प्रश्न येतो: "ताई, तुमचा रेडिओ कितीला लागतो?" प्रश्न रास्तच आहे. कोल्हापुरात आकाशवाणी १०२.७ ला लागते, मिर्ची ९८.३ ला, टोमॅटो ९४.३ ला, मग ताईंचा कितीला? तुमच्या रेडिओवर नाही लागत, असं मी सांगते. त्यावर काहींना वाटतं मशीन बिघडलंय, आणि काहींना वाटतं बाई काहीतरी लपवतायत.

माझं केंद्र पाच वॅटचं आहे. मोटारसायकलचा पुढचा दिवासुद्धा याहून कितीतरी जास्त वीज खातो. पण ते उभं करताना, परवान्याच्या अर्जापासून पहिल्या बोलण्यापर्यंत, मोठ्या प्रसारण केंद्रांबद्दल जे उमगलं ते आयटीआयत इतकी वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवूनही उमगलं नव्हतं. फळ्यावर ट्रान्समीटरची चौकट काढायची, बाण काढायचा, पुढे अँटेना. त्या बाणाच्या पलीकडे कोण बसलंय याचा विचार अभ्यासक्रमात नसतो.

हौशी रेडिओचा, म्हणजे हॅमचा परवाना केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची वायरलेस शाखा देते. त्याआधी परीक्षा. बारा वर्षं पूर्ण झालेलं कुणीही बसू शकतं. श्रेणी दोन, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. पहिलीत जास्तीत जास्त ५० वॅट, दुसरीत ४००. मी रिस्ट्रिक्टेडला बसले. थिअरी रोजच्या शिकवण्यातलीच होती. नियमांचा भाग मात्र बसून वाचावा लागला, आणि खरी गंमत तिथंच निघाली. हॅमनं काय करायचं नाही याची यादी चांगली लांब आहे. गाणी लावायची नाहीत. जाहिरात नाही, धंद्याचं बोलणं नाही. तिसऱ्याला कळू नये अशा गुप्त भाषेत बोलायचं नाही. आणि मुख्य म्हणजे प्रसारण करायचं नाही. कुणाशी तरी बोलायचं, आपलं कॉलसाइन, म्हणजे परवान्याबरोबर मिळालेलं सांकेतिक नाव, सांगायचं, वहीत नोंद करायची. ऐकणारा परत बोलू शकला पाहिजे, ही त्यातली मूळ अट. मोठ्या केंद्राचं काम नेमकं उलटं: लाखोंनी ऐकायचं आणि कुणी परत बोलायचं नाही.

परीक्षेला महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबईला गेले. शेजारच्या बाकावर आठवी-नववीतला एक पोरगा होता, त्याचे वडील बाहेर टिफिन घेऊन बसलेले. पेपर संपल्यावर त्यानं मला विचारलं, "काकू, क्यूएसबीचं उत्तर काय लिहिलंत?" सिग्नल वर-खाली होणं, असं मी सांगितल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला. तीस जणांच्या वर्गात जे कधी दिसत नाही ते त्या एका पोराच्या तोंडावर दिसत होतं.

निकाल, मग कागदपत्रं, मग पोलीस पडताळणी, मग वाट बघणं. परवाना हातात येईपर्यंत ट्रान्समीटर बाळगता येत नाही, त्यामुळे त्या काळात करण्यासारखं एकच होतं, ऐकणं. माळ्यावरचा जुना ट्रान्झिस्टर काढला. त्याचा आनंद माझ्यापेक्षा सासूबाईंना झाला. त्यांचं माहेर शिरोळ तालुक्यातलं. त्यांनी आकडे न बघता सुई फिरवली आणि मध्यम लहरींवर १२५१ किलोहर्ट्झला आणून ठेवली. आकाशवाणीचं सांगली केंद्र. "आमच्या दादांचा ट्रान्झिस्टर बांधावर असायचा," त्या म्हणाल्या. "उसाला पाणी पाजताना बाजारभाव ऐकायचे." सांगली केंद्र १९६३ मध्ये सुरू झालं, ट्रान्समीटर २० किलोवॅटचा.

बांधावरचा तो ट्रान्झिस्टर माझ्या डोक्यात बसला. त्याच्या पोटात बोटाएवढी फेराइटची कांडी, तीच त्याची अँटेना. जमिनीवर ठेवलेला, सेल अर्धे उतरलेले, ऐकणाऱ्याचे हात चिखलात. तो सुई नीट करायला येणार नाही, कानाला लावून बसणार नाही, शेजारी पंपाची मोटार सुरू झाली तरी त्याला भाव ऐकू आला पाहिजे. वीस किलोवॅट यासाठी लागतात. अंतर कापायला त्यातले थोडेच खर्ची पडतात. बाकी सगळी वीज ऐकणाऱ्याला काही करावं लागू नये म्हणून जाळलेली असते.

मग मी हिशोब मांडला. वीस हजार भागिले पाच, चार हजारपट. रेडिओतली मोजणी डेसिबलमध्ये: दहापट म्हणजे १०, दुप्पट म्हणजे ३. चार हजारपट म्हणजे ३६ डेसिबल. रिसीव्हरवर सिग्नलचा जो काटा असतो त्याचं एक घर म्हणजे ६ डेसिबल. म्हणजे एवढ्या प्रचंड फरकाची किंमत काट्यावर फक्त सहा घरं! बाकी सगळं सारखं धरलं, तर मोठं केंद्र नऊवर असेल तिथं मी तीनवर असेन. आणि तीनवरचं बोलणं, मागे खरखर कमी असेल तर, कळतं. नागपूरजवळ आकाशवाणीनं १००० किलोवॅटचा मध्यम लहरींचा ट्रान्समीटर उभारला, १९८८ मध्ये राष्ट्रीय चॅनेल त्यावरून सुरू झालं. माझ्या दोन लाखपट ताकद. तिथंसुद्धा फरक ५३ डेसिबलचा, जेमतेम नऊ घरं. हा हिशोब वहीत लिहिल्यावर मी रात्री उशिरापर्यंत जागीच होते.

अर्थात 'बाकी सगळं सारखं' हे कधीच नसतं. मध्यम लहर दिवसा जमिनीला धरून जाते, मी वापरणार ती ७ मेगाहर्ट्झची लहर आभाळात शेकडो किलोमीटरवरच्या थरावर आपटून खाली येते. पण छोट्याच्या बाजूनं एक गोष्ट भक्कम आहे. मध्यम लहरींवरच्या एएम प्रसारणात ताकदीचा मोठा वाटा नुसत्या वाहक लहरीत जातो, पूर्ण मॉड्युलेशनला दोन तृतीयांश. तिच्यात बोलणं नसतं. उरलेल्यात बोलण्याच्या दोन सारख्या प्रती, वरच्या अंगाला एक आणि खालच्या अंगाला एक. हॅम वापरतात त्या सिंगल साइडबँडमध्ये वाहक लहर काढून टाकतात, एक प्रतही काढतात, आणि उरलेल्या अडीच किलोहर्ट्झच्या फटीत सगळी ताकद घालतात. मग मोठी केंद्रं असं का करत नाहीत? कारण एएमचा रिसीव्हर एका डायोडवर चालतो आणि स्वस्त असतो. साइडबँडचा रिसीव्हर महाग पडतो, सुई जरा हलली की बोलणारा बदकासारखा क्वॅक क्वॅक करायला लागतो, आणि तो सरळ करायला माणूस समोर बसून लागतो. बांधावर ते चालणार नाही.

परवाना आला. व्हीयू-थ्री आणि पुढे तीन अक्षरं, आता ते माझं नाव. सेट विकत न घेता घरी करायचा हे आधीच ठरवलं होतं. हैदराबादच्या अशहर फरहान यांनी २००३ मध्ये 'बिटेक्स' नावाच्या सेटचं डिझाइन सगळ्यांसाठी खुलं केलं. आपल्याकडे मिळतील अशाच पार्टवर तो बेतलाय. परदेशी डिझाइनमध्ये कॉइल गुंडाळायला आयात टोरॉइड, म्हणजे कडीसारखे गाभे, लागतात. फरहान यांनी त्याऐवजी नळाचे प्लास्टिकचे वायसर वापरले. हे वाचून मी हार्डवेअरच्या दुकानात गेले आणि मूठभर वायसर मागितले. दुकानदारानं विचारलं, "केवढे नळ गळतायत मॅडम?" तांब्याची इनॅमल वायर पंपाच्या मोटारी रिवाइंड करणाऱ्याकडून आणली. उद्यमनगराच्या आसपास या गोष्टींना तोटा नाही. एवढी बारीक वायर एवढीशीच कशाला, हे त्याला पटेना, पण पैसे घेतले नाहीत.

सोल्डरिंगबद्दल फार सांगण्यासारखं नाही, मुलांकडून करून घेते तेच केलं. नको ते सिग्नल गाळणाऱ्या क्रिस्टल फिल्टरसाठी १० मेगाहर्ट्झचे क्रिस्टल ढिगातून मोजून, एकमेकांशी जुळणारे निवडावे लागले, त्यात मात्र बराच वेळ गेला. शेवटच्या टप्प्यात आयआरएफ ५१० नावाचा मॉस्फेट, एक प्रकारचा ट्रान्झिस्टर, मुळात स्विचिंगसाठी केलेला. तो पाच-सहा वॅट देतो. हीट सिंक उद्यमनगरातल्या एका विद्यार्थ्यानं मिलिंगवर काढून दिला. पाच वॅटसाठी तो जरा जास्तच दणकट झालाय.

अँटेना हा खरा खेळ. सांगलीच्या लहरीची लांबी साधारण २४० मीटर. तिच्या पाव लांबीचा मनोरा धरला तरी ६० मीटर उंच लोखंड उभं राहिलं, वर जमिनीत पसरलेल्या तांब्याच्या तारा वेगळ्या. माझी लहर ४२ मीटरची. अर्ध्या लहरीची तार हवेतल्या हिशोबानं २० मीटर, मधोमध तोडून दोन बाजूंना दहा-दहा. मध्ये एक कळक उभा केला, तारेची दोन टोकं उतरती करून गच्चीच्या दोन कोपऱ्यांना नायलॉनच्या दोरीनं बांधली. उलट्या व्हीसारखी. तार आधी लांबच ठेवायची आणि मीटर बघत थोडी थोडी कापायची. अँटेनाकडून सेटकडे परत येणारी ताकद नगण्य होईपर्यंत मी गच्चीवर, आणि सासूबाई जिन्यात उभ्या राहून, "अगं, आकाशवाणी मोबाइलवर लागते आता. एवढी तार कशाला?"

पहिल्यांदा ऐकायला बसले तर नुसता गोंगाट. गल्लीतले एलईडी दिवे, चार्जर, कुणाचा तरी सोलरचा इन्व्हर्टर, प्रत्येकाची आपापली शिटी. मोठ्या केंद्राला याचं काही वाटत नाही, ते या सगळ्याच्या वरून बोलतं. आपण त्याच्या खाली बसलेले असतो. घरचे दोन चार्जर काढले, केबलवर फेराइट चढवले, आणि सकाळी लवकर बसायला लागले. गल्ली झोपलेली असते तेव्हा काटा दोन घरं खाली येतो. वर काढलेला हिशोब आठवतोय ना? खरखर दोन घरांनी उतरली, की समोरच्यानं ताकद सोळापट केल्यासारखंच झालं.

सकाळी ७ मेगाहर्ट्झवर पुणे, बेंगळुरू, गोवा, हैदराबाद इकडचे लोक जमतात. एक जण सूत्रधार असतो, तो एकेकाला बोलायला देतो. त्यातले बरेच जण शंभर वॅटवाले. मी मधल्या फटीत कॉलसाइन टाकलं. काही नाही. पुन्हा टाकलं. मग सूत्रधार म्हणाला, कुणीतरी अगदी बारीक आवाजात आहे, सगळ्यांनी थांबा. आणि सगळे थांबले. मी शेवटची तीन अक्षरं फोनेटिकमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला एक शब्द वापरून, सावकाश सांगितली, पाच वॅट म्हणाले, कोल्हापूर म्हणाले. बेंगळुरूच्या एका आजोबांनी आधी पकडलं आणि मराठीतच विचारलं, "कोल्हापूर? नमस्कार ताई, अँटेना किती उंच?" त्यांनी रिपोर्ट दिला चार-तीन. पहिला आकडा बोलणं किती कळलं त्याचा, पाचपैकी. दुसरा काट्यावरची घरं. काट्यावर तीन. वहीतल्या हिशोबाशी तो जुळावा हा योगायोग, पण मला हसू आवरेना.

ते 'सगळ्यांनी थांबा' मला अजून सोडत नाही. २० किलोवॅटच्या केंद्राला कुणी थांबून जागा करून देत नाही, त्याला गरजच नसते. छोट्या केंद्राची निम्मी ताकद दुसऱ्याच्या घरी असते: त्याची तार, त्याचा शांत कोपरा, त्याचा धीर. तो ऐकायला राजी नसेल तर मी नाहीच.

संध्याकाळी हाच पट्टा निराळा होतो. आपला वाटा ७००० ते ७२०० किलोहर्ट्झ. सूर्य मावळला की ७२०० च्या पलीकडे लघुलहरींवरची आंतरराष्ट्रीय केंद्रं सुरू होतात, शेकडो किलोवॅटची. सुई तिथं नेली की कानात भिंतच आदळते. पूर्वी ही भिंत ७१०० लाच होती. २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेत ठरलं आणि मार्च २००९ अखेर प्रसारण केंद्रांनी १०० किलोहर्ट्झ रिकामे करून हौशी लोकांना दिले. मोठ्यांनी छोट्यांसाठी सरकून बसल्याची अशी उदाहरणं फार सापडत नाहीत.

एफएमच्या जास्त वारंवारतेच्या लहरींवर तर ताकदीचा रुबाब आणखी उतरतो. एका रविवारी पाच वॅटचा हातातला सेट घेऊन पन्हाळ्याला गेले. पन्हाळा शहरापेक्षा साधारण ४०० मीटर उंच, तिथून रेडिओची क्षितिजरेषा सपाटीवर ऐंशी-एक किलोमीटर जाते. सांगलीकडचे एक ज्येष्ठ हॅम १४५ मेगाहर्ट्झवर असे आले की शेजारी बसलेत. त्याच सेटवर गल्लीतून बोलायला गेलं तर कळंब्याच्या पलीकडे जाताना मारामार. उलट गगनबावड्याचा घाट उतरायला लागलं की शहरातली किलोवॅटची केंद्रं गाडीच्या रेडिओवर फसफसायला लागतात. डोंगर आडवा आला की वॅट कितीही असोत. मोठी केंद्रं उंच मनोऱ्यासाठी एवढा खर्च का करतात ते पन्हाळ्यावर फुकटात कळतं.

हे सगळं सांगताना मोठ्या केंद्रांना मी कमी लेखत नाही. २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर ज्यांनी बघितलाय त्यांना माहीत आहे. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा ३९ फुटांना, धोका ४३ ला, आणि घरात वीज नसताना पातळी किती झाली हे लाखभर लोकांना एकाच वेळी कळायला हवं. ते काम माझ्यासारखे हजार जण मिळूनही करू शकणार नाहीत. पण त्या केंद्राला कोण कुठल्या माडीवर अडकलंय हे ऐकू येत नाही. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद हॅम मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरला होत्या, कॉलसाइन व्हीयू-फोर-आरबीआय. फोन बंद पडलेले. बेटांवरच्या माणसांची खुशाली त्यांच्या सेटवरून मुख्य भूमीवर पोचत होती. दोन्ही कामं रेडिओचीच, पण एकाला लागतो आवाज, दुसऱ्याला कान.

गणपतीच्या आधी तालमीची पोरं घरी आली. "ताई, तुमच्या रेडिओवरनं आरती लावूया की. गल्लीपुरतीच." मी नियम सांगितले, गाणं नाही, प्रसारण नाही. एकानं लगेच मोबाइल पुढे केला: ऑनलाइन एफएम ट्रान्समीटर मिळतो, हा घेऊ का? विनापरवाना चालवला तर गुन्हा, आणि शेजारी विमानतळ आहे हेही लक्षात ठेवा, असं मी म्हटलं. बिहारमधल्या मन्सूरपूरच्या राघव महतो यांची गोष्ट त्यांना सांगितली. रेडिओदुरुस्ती करणाऱ्या या तरुणानं घरगुती ट्रान्समीटरवर गावाचं एफएम चालवलं, लोकांना ते फार आवडलं, आणि २००६ मध्ये परवाना नसल्यामुळे ते बंद करावं लागलं.

"मग एकट्या माणसानं रेडिओ काढायचाच नाही का?" सगळ्यात धाकट्यानं विचारलं. नेमकं दुखतं तिथं त्यानं बोट ठेवलं. हॅमचा परवाना माणसाला मिळतो, पण प्रसारण करता येत नाही. कम्युनिटी रेडिओत प्रसारण करता येतं, पण परवाना एकट्याला मिळत नाही, नफ्यासाठी नसलेली नोंदणीकृत संस्था लागते. हौसेनं गल्लीपुरतं बोलणाऱ्याला आपल्याकडे या दोहोंच्या मध्ये खुर्चीच नाही. न्यूझीलंडमध्ये एफएमच्या ठरावीक पट्ट्यात एक वॅटपर्यंत हौशी केंद्र चालवता येतं. अमेरिकेत विनापरवाना एफएम चालतं, पण इतकं क्षीण की अंगणाबाहेर जेमतेम जावं. १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचं म्हटलं. तीस वर्षांनंतर त्यातला एक वॅट द्यायला हरकत नसावी, असं माझं मत आहे. खासगी एफएमवाल्यांचीही गोष्ट फार वेगळी नाही म्हणा, किलोवॅट असले तरी स्वतःच्या बातम्या त्यांना देता येत नाहीत.

पोरांना मी साताऱ्यातल्या म्हसवडच्या माणदेशी तरंग वाहिनीचं उदाहरण दिलं, ९०.४ वर चालणारं कम्युनिटी केंद्र. १०० वॅटची मर्यादा, मनोरा ३० मीटरपर्यंत, पोच पाच-दहा किलोमीटर, आणि निदान निम्मा कार्यक्रम तिथल्या लोकांनी केलेला. १०० वॅट ऐकून तालमीचे अध्यक्ष जरा हिरमुसले, त्यांच्या डीजेचे बेस त्याहून मोठे. खजिनदार मात्र तासाला बारा मिनिटं जाहिरात चालते हे वाचून सरळ बसले. संस्थेच्या कामाची तीन वर्षं कागदावर दाखवावी लागतात, तिथं गाडी अडली आहे. नियमावलीची प्रिंट त्यांनी नेली आणि धाकटा तेवढा मागे थांबून हॅमच्या परीक्षेला वय किती लागतं ते विचारून गेला.